उद्या सांगते, बाबा

दोन हजार अकरा सालच्या जपानमधल्या भूकंपात टोकियोजवळच्या ग्योतोकुतल्या त्यांच्या फ्लॅटमधलं एकच कपाट पडलं, आणि पडायचं तर नेमकं बाबांचं. बाबा म्हणजे सदानंद, इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. जन्मभर जमवलेल्या टिपणांची त्यांची कार्डं घरभर उधळली. विषय एकच: इंग्लंडातल्या एका आडगावावरची जुनी कादंबरी आणि तिच्यामागचा सगळा विचार, म्हणजे विज्ञान, धर्म, रेल्वे, राजकारण, काय म्हणाल ते. दोन वर्षं झाली तरी बाबा कार्डंच लावत होते. त्यांवरून लिहायच्या पुस्तकाचं पहिलं पान अजून कोरं होतं.

सून कौमुदी मदतीला बसे. तिने लावलेला गठ्ठा बाबा दुसऱ्या दिवशी मोडत, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पण आता तिला तोयोसुच्या एका कंपनीत दुभाष्याची नोकरी मिळाली होती, एप्रिलपासून. त्यासाठी ती कधीपासून जपानी घोकत होती.

त्यातच डॉक्टरांनी बाबांचं हृदय थकल्याचं सांगितलं. दुपारच्या चहाला बाबा म्हणाले, "कौमुदी, माझ्यामागे हे तू पुरं कर. नोकरीबिकरी राहू दे. मला शब्द दे."

ती कादंबरी कौमुदीनेही वाचली होती, बाबांनीच वाचायला लावली होती. त्या कादंबरीतला म्हातारा पंडितही आपलं कधी न संपणारं काम तरुण बायकोच्या गळ्यात मारू बघतो. त्या प्रसंगावर बाबांनी वर्गात किती व्याख्यानं झोडली असतील, त्या मुलीसाठी किती हळहळले असतील! आणि स्वतः तेच करताना त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"उद्या सांगते, बाबा," ती म्हणाली.

नवऱ्याला, शिरीषला, ऑफिसात फोन केला. "हो म्हणून टाक गं. नंतर कोण चेक करतंय?" तो म्हणाला. त्याला बोलायला काय जातंय! कौमुदीला दिलेला शब्द फिरवता येत नसे, आणि हे बाबांना पक्कं ठाऊक होतं.

कादंबरीतल्या त्या तरुण बायकोनेही उत्तर उद्यावरच टाकलं होतं. ते देण्याआधीच म्हातारा गेला, ती सुटली. हे आठवलं आणि भाजी चिरणारा कौमुदीचा हात थांबला. आपण कशाची वाट बघतोय? तिला स्वतःचीच किळस आली, आणि रडूही आलं.

सकाळी तिने भीतभीतच बाबांच्या खोलीचं दार सरकवलं. बाबा अंघोळ आटपून खुर्चीत बसले होते, चांगले टवटवीत.

"झोप छान लागली," ते म्हणाले. "मग, काय ठरलं?"

त्यांना धडधाकट बघून तिला इतकं हायसं वाटलं, की तिच्या तोंडून "हो" निघून गेलं.