कूलरच्या टाकीतली चपटी

मित्रांनो, मी काचेची एक जुनी बाटली आहे. मला चपटी घडवली, कारण गोल वस्तू पँटच्या खिशात लपत नाही. पण लोकांनी माझ्या अंगकाठीचं नाव आतल्या दारूलाच देऊन टाकलं. "चपटी मारली काय?" असं विचारतात. मला कोण मारतं? दारू पितात, बदनाम मी होते.

हिंगण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या ताराचंदने मला घरी आणलं. पकडला गेला तेव्हा बायकोला, कौसल्याला म्हणाला, "या चपटीनंच बिघडवलं मले!" मित्रांनो, मी त्याच्या मागे लागले नव्हते. मला पाय नाहीत.

त्याने हर्षाच्या, म्हणजे लेकीच्या, डोक्यावर हात ठेवून दारू सोडली. कौसल्याने मला धुऊन माझ्यात खोबरेल तेल भरलं. हर्षाच्या वेण्या माझ्यामुळे चमकत. ते माझे मानाचे दिवस! पण मे महिन्यात ताराचंदने तेल सायकलच्या चेनला पाजलं, माझ्यात पुन्हा दारू भरली आणि गार राहावी म्हणून मला कूलरच्या टाकीत लपवलं. झाकण घाईत तिरपं लावलं. मी ते लक्षात ठेवलं.

रविवारी दुपारी हर्षाला बघायला पाहुणे आले. कूलर लावला. मी सावकाश कुशीवर वळले. पंपाने दारू मिसळलेलं पाणी खसाच्या जाळीवर चढवलं, पंख्याने वास पाहुण्यांवर सोडला.

मुलाच्या आईने, देवकीबाईंनी, नाकाला पदर लावला. "काहून वं बाई, तुमचा कूलर पिते काय?"

"खस नवीन आहे," ताराचंद म्हणाला.

मुलाचे आजोबा धोंडबा डोळे मिटून बसले होते. "जरासा फास्ट कर गा," ते म्हणाले.

कौसल्या उठली. टाकीत हात घालून तिने मला काढलं आणि सरबताच्या ट्रेमध्ये, ग्लासांच्या मधोमध उभं केलं. हर्षाचं लग्न तिथेच मोडणार होतं. मला एवढं नको होतं. वैर तिच्याशी नव्हतं.

हर्षाच म्हणाली, "बाबा पितात. लपवून राहिले होते. आता समजलं, तर पाहा तुम्ही."

"पोरगी खरं बोलते," देवकीबाई म्हणाल्या. "मले पसंत आहे."

लग्नात मांडवामागे मुलाकडची मंडळी कुजबुजत होती, "ताराचंद आहे काय गा? अर्धा तरी?"

"आलो, आलो!" म्हणत ताराचंद धावला.

आता हर्षाच्या माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही गावांत दारूला ताराचंदच म्हणतात. मी पुन्हा खोबरेल तेलाची बाटली आहे. म्हणून सांगते, मित्रांनो: बाटलीला नावं ठेवू नका. आणि ठेवलीत, तर झाकण तरी नीट लावा.