बंदरवाडीचं भारमान

बंदरवाडीहून पनवेलला सकाळी सहाला सुटणाऱ्या सरकारी बसचं भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, २०११ साली पाच टक्क्यांवर आलं. बाकीचे प्रवासी सहा आसनी रिक्षात अकरा जण बसून जात. आगाराने यावर उपाय काढला. तीन दिवस मोजणी. आकडा सुधारला नाही तर फेरी बंद.

कंडक्टर कमलाकरने हे दमयंती कोळिणीला सांगून टाकलं. सांगायचं नव्हतं, पण अख्ख्या बसमध्ये बोलायला दुसरं होतं कोण?

"मास्तर, रिक्षा भरल्याबिगर हलत नाय," ती म्हणाली. "सातच्या आत बाजारात पोचली नाय तर माजी जागा दुसरी धरते. चोवीस वरसं बसते मी तितं."

"मग माणसं आणा, मावशी."

तिने आणली. तिन्ही दिवस गाव बसमध्ये. गावातल्या आनंदाला पनवेलमध्ये कसलंच काम नव्हतं. तो उतरून त्याच बसने परत यायचा.

"माज्या लग्नाला पन एवडी मानसं नव्हती," विठू म्हणाला.

"जेवन म्हाईत होतं ना तुमचं," मागून गोदू.

भारमान एकशेतीस टक्के झालं. आगाराचा माणूस दारात उभा राहून डोकी मोजत होता. मांडीवरच्या टोपल्यांसाठी त्याच्या तक्त्यात रकाना नव्हता.

महिन्याभरात बंदरवाडीला निमआराम बस मिळाली. मऊ सीटा, निळे पडदे. आगाराच्या साहेबांनी नारळ फोडला, "वाढता प्रतिसाद" असं दोनदा म्हणाले आणि आपल्या गाडीने गेले. दुसऱ्या दिवशी दमयंती निवट्यांची टोपली घेऊन पायरीवर चढली.

"मावशी, यात मासळी चालत नाही."

"सुकी?"

"सुकीपण नाही."

"मंग मानूस?"

"माणूस चालतो. मोकळा."

ती उतरली. कमलाकरने घंटी मारली, कारण सहा वाजले होते. पडदे लावलेल्या बसमध्ये तो आणि ड्रायव्हर, दोघेच पनवेलला गेले.

रिक्षात चौघं बसली होती. दमयंती पाचवी. उरलेली सहा यायला पाऊण तास गेला.

बाजारात तिच्या जागेवर वेणू बसली होती. कोलंबी मांडून झाली होती, दोन गिऱ्हाइकंही झाली होती.

"उशीर गं?" वेणूने विचारलं.

"बस सुदारली आमची."

वेणूने टोपली चार बोटं सरकवली. स्वतः सरकली नाही. दमयंती गटाराच्या कडेला जाऊन बसली.