घशातल्या अळ्या आणि माझे दात

थेरगावात आमच्या चाळीसमोर मांडव घालून कंठनाथबाबा लोकांच्या घशातून अळ्या काढत होते. कडुलिंबाचा डहाळा फिरवायचा, तोंडात बोट घालायचं आणि पांढरी अळी ताटात टाकायची. बघे शहारून हात जोडत. ताटातली एकही अळी वळवळत नव्हती, हे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मला खटकलं.

रांगेत शेजारची विजयश्री दिसली. कडेवर पाच वर्षांची करिष्मा, तापानं फणफणलेली. पोरीला थुंकीही गिळवत नव्हती, तोंड उघडायला लावलं तर टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले.

"अगं, डॉक्टरकडे ने तिला!"

"न्हाई बाई. काल बाबांनी दोन अळ्या काढल्या. औषध दिलं तर उरलेल्या काळजात उतरतील म्हनले. म्हनून तर चाकणच्या कारखान्यातली शिफ्ट बुडवून आलेय."

मला बाबाचा असा संताप आला! रांग मोडून मी पुढं गेले.

"बाबा, माझाही घसा बघा."

"अरेरे, माउली! नागिणीनं अंडी घातलीत. घशाचं वारूळ झालंय, वारूळ!"

सकाळीच त्या वारुळातून मी अख्ख्या पाचवीवर ओरडून आले होते. बाबांनी डहाळा फिरवला, बोट आत घातलं. जिभेवर काहीतरी मऊ आलं आणि मी कचकन तोंड मिटलं.

"आई गं! माझं बोट!"

बाबांचा डहाळा सुटला आणि पानांत दडवलेल्या अळ्या मांडवभर सांडल्या. मी मात्र तोंडातली 'अळी' चावत होते.

"शेवई आहे," मी गर्दीला सांगितलं. "शिजलीय छान, फक्त गूळ विसरलात बाबा."

"आयला, आमी खिरीच्या पाया पडलो व्हय!" भैरू रिक्षावाला म्हणाला. मग मांडव हसला. विजयश्री हसली नाही. करिष्माला घेऊन ती थेट भैरूच्या रिक्षात बसली.

मीही सोबत गेले. दवाखान्यातल्या डॉक्टर मैत्रींनी बॅटरी लावून करिष्माचा घसा पाहिला, लसी झाल्यात का विचारलं. "असे ठिपके विषाणूनं येतात, जिवाणूनंही. क्वचित घटसर्प असतो. नुसतं बघून ठरवता येत नाही, घशातला नमुना तपासू."

तपासणीत जिवाणू निघाले. "उपचार केले नाहीत, तर यातून कधीकधी हृदयाला इजा होते."

विजयश्रीनं करिष्माला जवळ ओढलं. "म्हंजे काळजाला धोका औषध न देन्यातच होता?"

म्हणून सांगते, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी डोळे उघडा, प्रश्न विचारा. आणि पोराचा घसा दुखला तर आधी डॉक्टर गाठा.

औषध लागू पडलं. करिष्मा गिळायला लागली आणि तिनं पहिल्यांदा मागितली ती शेवयांची खीर. विजयश्रीचा हात धजेना. मीच केली, गूळ जरा जास्त घालून.