केरबांच्या चेहऱ्यापाशी झिजलेली फीत

मी एक व्हिडिओ कॅसेट बोलतेय. पुस्तकाएवढी, अंगाने काळी, पोटात पाव किलोमीटर फीत गुंडाळलेली. पाठीवर निळ्या शाईत लिहिलंय, 'रेणुकाचे लग्न, कुसगाव, १९९६'. हल्लीची मुलं मला उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, हिला चार्जिंग कुठून करायचं. एकेकाला समजावत बसायचं माझं वय राहिलेलं नाही.

जन्म कारखान्यातला, पण जगायला लागले ते कुसगावच्या त्या मांडवात. केरबांच्या लेकीचं, रेणुकाचं लग्न होतं. केरबा लोणावळ्यातल्या एका बंगल्यावर माळी होते. दुसऱ्यांच्या बागा फुलवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, स्वतःचा एक फोटो काढायचं मात्र कधी सुचलं नाही. मतदानाच्या ओळखपत्रावर होता तो म्हणजे नुसता काळा डाग.

त्रिशरण-पंचशील झालं, पांढऱ्या कपड्यांतल्या वधू-वरांनी एकमेकांना हार घातले, ते सगळं मी टिपून घेतलं. मग पंगती बसल्या आणि कॅमेरा केरबांकडे वळला. ते पाण्याचा जग घेऊन उभे होते. त्यांनी सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेही मी टिपलं.

आठवड्याने मला भाड्याच्या व्हीसीआरवर पहिल्यांदा लावलं, तेव्हा घरात तीसेक माणसं दाटीने बसली होती. टीव्हीत केरबा दिसताच असा हशा उसळला की ते काय बोलले हे कुणाच्याच कानी पडलं नाही. केरबा लाजून अंगणात जाऊन उभे राहिले. दोन वर्षांनी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले.

पहिल्या स्मृतिदिनाला पुढे ठेवायला फोटो नव्हता. धाकटा मुलगा धम्मदीप तेव्हा तळेगावच्या कारखान्यात नुकता लागला होता. त्याने एक जुना व्हीसीआर मिळवला, मला लावलं आणि केरबा कॅमेऱ्याकडे बघतात तिथे पॉज दाबला. मग टीव्हीलाच झेंडूचा हार घातला, मेणबत्ती लावली, वंदना सुरू झाली. पाच मिनिटांनी पॉज सुटून व्हीसीआर आपोआप बंद झाला आणि हारातला पडदा निळा झाला. धम्मदीपने उठून मला मागे नेलं, पुन्हा तिथेच थांबवलं. वंदना संपेपर्यंत हे चार वेळा झालं. मला तर हसू येत होतं, पण घरातली सगळी माणसं हात जोडून बसली होती.

मग तो रिवाजच पडला. दर स्मृतिदिनाला, लांबचे पाहुणे आले की, रेणुका माहेरी आली की, मला लावायचं आणि केरबांपाशी थांबवायचं. तिथून पुढे मला कुणी चालवलं नाही. त्यांना मागे टाकून पुढे जायला कुणाचं मनच होत नसे.

त्या बिचाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. पॉज म्हणजे माझी विश्रांती नसते. मी थांबते, पण यंत्राचं चित्र वाचणारं डोकं फिरतच राहतं, फितीच्या त्याच बोटभर जागेवर, मिनिटाला पंधराशे वेळा. ज्या तपकिरी लेपात चित्र असतं, तो तेवढ्याच जागी खरवडला गेला. केरबांच्या चेहऱ्यावर पांढऱ्या रेघा दिसू लागल्या. दर वर्षी दोन-चार वाढायच्या. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण मी जे ऐकलं तेवढंच मला बोलता येतं.

पुढे व्हीसीआर बिघडला आणि मी पत्र्याच्या पेटीत गेले. कुसगावची ओल पेटीतही शिरते. माझ्या फितीवर पांढरी बुरशी धरली.

मागच्या वर्षी एका सकाळी चिमाबाई, म्हणजे केरबांच्या बायको, मुलाला म्हणाल्या, "धम्मा, मला त्यांचं त्वांड आठवंना झालंय. डोळं मिटलं की नुसता सदरा दिसतो."

त्याच दिवशी दोघं मला लोणावळ्याच्या बाजारात आदिनाथच्या स्टुडिओत घेऊन गेले. जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देणारा हा सावकाश माणूस. त्याने माझे स्क्रू काढले, मऊ कापडाने बुरशी पुसली, दोन दिवस मला कोरडं होऊ दिलं आणि नव्या खोक्यात बसवलं. तिसऱ्या दिवशी त्या दोघांना बोलावून त्याने मला चालवलं.

लग्न नीट उतरलं. केरबांपाशी मात्र सिग्नल तुटला आणि कॉम्प्युटर अडून बसला. आदिनाथने मधे एक डबा जोडला. चित्र आडव्या रेघांचं बनलेलं असतं; तुटलेल्या रेघेच्या जागी हा डबा वरचीच रेघ पुन्हा काढतो. पण केरबांच्या चेहऱ्याच्या वरच्या रेघाही गेल्या होत्या. डब्याने वर दिसणारी मांडवाची निळी झालरच खाली त्यांच्या तोंडावर ओढली. तीन व्हीसीआर बदलून झाले. चेहरा काही येईना.

"इथे फारच घासलीय," आदिनाथ म्हणाला. "पॉज करून ठेवायचात का?"

धम्मदीप खाली बघत म्हणाला, "मीच ठेवायचो. त्यांना हार घालायला."

मला माझीच लाज वाटली. एका बाईने विश्वासाने ठेवायला दिलेला एकच चेहरा, आणि तोच मला सांभाळता आला नव्हता.

आदिनाथ म्हणाला, "मावशी, चित्र फितीच्या मधोमध असतं, आवाज कडेने असतो. कड शाबूत आहे. ते काय बोलतात ते ऐकायचंय?"

"बोलत्यात व्हय?" चिमाबाईंनी विचारलं. "आमी तर तितंच थांबवायचो."

त्याने मला पुढे चालू दिलं. पडद्यावर नुसत्या रेघा, आणि त्या रेघांमागून केरबा बोलले, "माझा कशाला काढतूस, बाबा? तिकडं चुलवाणापाशी चिमा हाय, तिचा काढ. सकाळधरनं उपाशी हाय ती. जेवली का इचार तिला."

कॅमेरा वळला. तिथून पुढची माझी फीत जवळजवळ कोरी करकरीत होती. धुरात एक बाई मोठ्या पातेल्यात उलथनं फिरवत होती. कॅमेरा दिसताच तिने पदर तोंडाला लावला.

चिमाबाई पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "चारचौघांत त्यांनी माझं नाव कवाच घेतलं न्हाई." आणि आदिनाथला विचारलं, "परत लावलं तर झिजंल का रं?"

"आता नाही, मावशी. आता ते कॉम्प्युटरवर आलंय. कितीही वेळा लावा."

माझं ओझं तिथे उतरलं. तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण पडून असेल, तर तिला वेळेत बाहेर काढा. आणि लावाल तेव्हा आवडत्या माणसापाशी अडवून ठेवू नका, तिला पुढे जाऊ द्या.

यंदाच्या स्मृतिदिनाला फोटोच्या जागी मला ठेवलं आणि हार मलाच घातला. मी काही गेलेली नाही, असं सांगावंसं वाटलं, पण झेंडू ताजा होता, म्हणून राहू दिलं. वंदना झाल्यावर धम्मदीपने मोबाइलवर ते लावलं. केरबा बोलले. या वेळी कुणी थांबवलं नाही. "जेवली का इचार तिला," आवाज आला, आणि चिमाबाई हलकेच म्हणाल्या, "जेवले वो मी. तुमी जेवला का?"