बारा सोमवारांचं मीठ

आमच्या कुलपांच्या कारखान्यात सहाशे बारा माणसं जेवायची. पगाराला, साहेबांना, संडासांना, झालंच तर एकमेकांच्या बायकांनाही नावं ठेवणारी ही माणसं. जेवणाला मात्र कोणी नाव ठेवत नसे, कारण आचारीकाकांच्या हाताला चव होती. वीस वर्षं त्यांनी हाच एक मान कमावला होता.

मी तिथल्या दवाखान्यातली नर्स. चेचलेल्या बोटांना पट्ट्या बांधायच्या आणि वर्षातून एकदा सगळ्यांचं ब्लडप्रेशर मोजायचं, एवढंच माझं काम. त्या वर्षी आकडे वाईट आले, तिशीतल्यांचेसुद्धा. डॉक्टरसाहेब नवे होते आणि हुशार होते, आणि हुशार माणसाला काही केल्या स्वस्थ बसवत नाही. त्यांनी काकांना बोलावून घेतलं.

"दिवसाला मीठ किती घालता?"

"मोजत नाही साहेब. हाताला कळतं."

साहेबांनी वजनकाटा दिला. हाताला कळत होतं ते चार किलो निघालं.

"दर सोमवारी शंभर ग्रॅम कमी करायचं," साहेब म्हणाले. "बारा सोमवार. असं हळूहळू केलं की जिभेला पत्ता लागत नाही. पण कोणाला सांगायचं नाही, तुमच्या मदतनिसालाही नाही. मीठ कमी केलंय हे कळलं की माणसाला सगळंच अळणी लागायला लागतं."

"आणि त्यानं प्रेशर उतरतं?"

"एकेकाचं थोडंसंच. पण सहाशे जणांचं थोडं थोडं उतरलं, तर त्यातले एक-दोघं तरी वाचतात."

"कोण?"

"ते कधीच कळत नाही."

काकांनी काटा उचलून हातात घेतला. दोन वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ आमच्याच कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात हातात डाव धरून कोसळला होता. तोंड वाकडं, उजवं अंग गेलेलं. नवव्या दिवशी तो गेला.

"कोणी का असेना," काका म्हणाले. "करतो मी. पण शेवटी सगळ्यांसमोर सांगा, की हे मी मुद्दाम केलं होतं. माझा हात गेला असं कोणी म्हणायला नको."

"अर्थात," साहेब म्हणाले. मी तिथेच उभी होते.

काका रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मीठ तोलत आणि डब्यात भरून ठेवत. कांदा जास्त परतत, लिंबू जरा सढळ हातानं पिळत. सोमवारी दवाखान्यासमोरून जाताना बोटांनी मला आकडा दाखवत. तीन. पाच. आठ. एवढा मोठा माणूस, पण चेहरा चोरून आंबे पाडणाऱ्या पोरासारखा. कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

नवव्या आठवड्यात काकांची आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. चार दिवस त्यांना गावी जावं लागलं. स्टँडवरून त्यांनी मला फोन केला. "सिस्टर, मदतनिसाला सांगू का? तो हातानं घालेल, आणि हात त्याला मीच शिकवलाय."

मी साहेबांना विचारलं. "चार दिवसांत काय होतंय?" साहेब म्हणाले. तेच मी काकांना सांगितलं.

मदतनीस चाळिशीचा, मिशीवाला, पंधरा वर्षं काकांच्या हाताखाली राबलेला. त्यानं शिकवल्यासारखी मूठ भरली आणि जुनं चार किलो मीठ रश्शात आणि भाजीत गेलं. पहिल्या घासाला सगळ्यांच्या माना वर झाल्या. "आज कोण आहे रे आत? याला म्हणतात जेवण!"

काका परतले, तोलून मीठ घातलं, आणि ताटं वाजायला लागली. म्हातारा संपला, म्हणे. जीभ मेली त्याची. कुलपांना मुलामा देणाऱ्या प्लेटिंग खात्यातला एक जाडा गडी खिशातून मिठाची पुडी आणून काकांच्या देखत ताटावर उपडी करायचा, आणि सगळं टेबल हसायचं. ज्यांनी वीस वर्षं त्या हातचं खाल्लं, त्यांना काकांचं काय चुकलं हे विचारायलाही दोन मिनिटं मिळाली नाहीत.

मॅनेजरनं बैठक घेतली. डॉक्टरसाहेब होते, मीही होते.

"काय बिघडलंय तुमचं?" मॅनेजरनं विचारलं.

काकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे पाहिलं. मला लाज वाटत होती, पण लाजेनं कोणाची नोकरी जात नाही, बोलल्यानं जाते.

"वय झालं," काका म्हणाले.

त्यांना भांड्यांवर टाकलं आणि मदतनीस आचारी झाला. "तीनच सोमवार राहिलेत," साहेब मला बाहेर म्हणाले. "आत्ता सांगितलं तर नऊ आठवडे पाण्यात जातील. शेवटी सांगूच ना आपण."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या आचाऱ्याला काटा दिला आणि गप्प राहायला सांगितलं. सोमवारी काकांच्यापेक्षाही शंभर ग्रॅम कमी मीठ पडलं, आणि लोकांनी बोटं चाटली. प्लेटिंगवाल्यानं पुडी काढलीसुद्धा नाही. "हाताला चव लागते बाबा," तो म्हणाला. पाच हातांवर काका त्याचंच उष्टं ताट घासत होते.

बारा सोमवार झाले. मी सगळ्यांचं प्रेशर पुन्हा मोजलं. वरचा आकडा सरासरी तीनने उतरला होता. साहेबांना एवढा आनंद झाला की त्यांनी मला चहा पाजला.

कॅन्टीनमध्ये सभा भरली. काका मागच्या दारात येऊन उभे राहिले, ओले हात पुसत. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. भांडी घासायला इस्त्रीचा सदरा कोण घालतं? साहेबांनी मीठ कमी केल्याचं सांगितलं, लोक चकित झाले, टाळ्या पडल्या. "आणि हे ज्यांनी करून दाखवलं, ते आपले आचारी!" साहेब म्हणाले. त्यांची नजर मागच्या दारावरून फिरली, क्षणभर थांबली, आणि पुढे गेली. मदतनीस मंचावर चढला. त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. काकांच्या नजरेला नजर न देता त्यानं ते घेतलं.

सभा उठल्यावर मी काकांना दवाखान्यात नेलं. दोनशे दहावर एकशे चोवीस. दोनदा मोजलं, तेच आलं. तेव्हाच गाडीत घालून इस्पितळात न्यायला हवं होतं. मी मात्र तो आकडा वहीत लिहिला आणि साहेबांना दाखवायला गेले.

"रेघ मारा त्याच्यावर," साहेब म्हणाले. "भांडीवाले आपापला डबा खातात, कॅन्टीनच्या यादीत नाहीत ते. गोळी द्या, आणि उद्या यायला सांगा."

मी पट्टीनं सरळ रेघ मारली.

काकांनी गोळी खिशात टाकली. "सिस्टर, साहेब सांगणार होते ना?"

"सांगतील," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नळाखाली सापडले. तोंड वाकडं, उजवं अंग गेलेलं. पाणी वाहत होतं. भाऊ नऊ दिवस टिकला होता. काका दुपारपर्यंतच.

त्या दिवशीही जेवण वेळेवर वाढलं गेलं. माझ्या समोर प्लेटिंगवाला बसला होता. "आपल्याला अळणी घालायचा आणि स्वतः खारट हाणत असणार," तो म्हणाला. "आचारीच तो. दुसरं काय होणार?"

टेबल हसलं. मला सगळं माहीत होतं. सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, आणि त्यात घास घातला. रस्सा चांगला झाला होता. मी आणखी वाढून घेतला.