पालकाचा शिक्का

“नाव लिहून आणलंय. प्यो मानसू. पाचच्या आत कोरून द्या.”

मो ग्यूशिकने हातातली कोरणी खाली ठेवली. समोर बारा वर्षांची पोर धापा टाकत उभी होती, आणि तिने पुढे केलेल्या चिठोऱ्यावर तिच्या बापाचं नाव होतं.

ग्यूशिक कचेरीच्या वळचणीला बसून शिक्के कोरायचा. लग्न असो, जमीन असो, खताचं पोतं असो, नावाचा शिक्का उठल्याशिवाय या मुलखात पान हलत नसे. बोटाएवढ्या लाकडावर उलटी अक्षरं कोरता कोरता त्याचे डोळे अधू झाले होते, पण गावात कोणाचं काय चाललंय ते त्याला कचेरीच्या आधी कळायचं. ही पोर कोणाची, तेही ठाऊक होतं. तिचं नाव पिल्नाम, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगाच हवा. आजीने रागारागाने ठेवलेलं.

“बापाला शिक्का हवा असेल तर बाप येईल की.”

“ते नाही येणार. त्यांना माहीतच नाही.”

तिने घडी घातलेला कागद उलगडला. माध्यमिक शाळेच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज. सगळा भरलेला, अक्षर रेखीव, आणि खाली एक जागा मोकळी : पालकाचा शिक्का. घोडं तिथेच पेंड खात होतं. अर्जाचा आज शेवटचा दिवस, आणि मानसूने तर नव्या वर्षात पोरीला शहरात रेशमाच्या गिरणीत धाडायचं ठरवून टाकलं होतं.

“अगं शहाणे, दुसऱ्याच्या नावाचा खोटा शिक्का कोरला तर मला खडी फोडायला बसवतील!”

“बाबांचा खरा शिक्का गावच्या कारभाऱ्यांच्या पेटीत असतो. सगळ्या गावाचेच असतात. खत आलं की ते न विचारता मारतात. रस्त्याच्या कामाला माणसं हवी असली की न विचारता मारतात. ते चालतं, आणि मी मारला की खोटा?”

“मग कारभाऱ्याकडेच जायचं होतंस.”

“गेले होते. म्हणाले, पोरीच्या शाळेपायी मी पेटी उघडत नाही.”

ग्यूशिकची बोलती बंद झाली. चाळीस वर्षांनी ही मुलगी एका मोठ्या पक्षाची पुढारी झाली आणि संसदेत तिने प्रश्न विचारला की समोरची बाकं गप्प व्हायला लागली, तेव्हा वर्तमानपत्रांना त्याचं फार नवल वाटलं. तिच्यापुढे गप्प होणारा पहिला माणूस हा. त्या दिवशी मात्र तिच्या पायात फाटके रबरी बूट होते आणि नाक गळत होतं.

दुसरी कोणी असती तर त्याने दोन शब्द सुनावून घालवून दिली असती. पण दहा वर्षांपूर्वी, लढाईच्या धामधुमीत, बायको आणि लेक सीमेपलीकडे उत्तरेला राहून गेल्या आणि हा एकटाच या गावात येऊन पडला, तेव्हा त्या पहिल्या हिवाळ्यात याच वळचणीखाली एक बाई रोज सकाळी सोयाबीनचं गरम कालवण आणून ठेवायची. तू कोण, कुठला, एका शब्दाने विचारलं नाही. ती पिल्नामची आई. तीन वर्षांपूर्वी तापाने गेली, आणि तिचे आभार मानायचे राहूनच गेले. ते त्याच्या मनाला फार लागून होतं.

त्याने लाल शाईची डबी खिशात टाकली आणि उठला.

“चल.”

“कुठे?”

“तुझ्या बापाकडे.”

पोरीचा चेहरा पडला. “मारतील मला.”

“मी पुढे चालतो. पहिला तडाखा मला बसेल.”

मानसू टेकडीखालच्या शेतात मुळे उपटत होता. हिवाळ्याचं लोणचं घालायचे दिवस होते. ग्यूशिकला पाहून त्याने कंबर सरळ केली.

“दादा, तुम्ही? इकडे कुठे वाट चुकलात?” मग मागे उभी लेक दिसली, हातातला कागद दिसला. “असं होय. तुमच्यापर्यंत मजल गेली हिची.”

“शाळेचा अर्ज आहे. वाचून तर दाखवू दे तिला.”

“ऐकून काय करू? ज्या ज्या कागदावर माझा शिक्का पडला, त्याने माझं काहीतरी नेलंय, दादा. एकाने धाकटा भाऊ लढाईवर नेला. तो आला नाही. एकाने खालचं शेत नेलं. शिक्का माझा, पण मी कधी हाताने मारलाय? मला कोणी विचारलंय? आता हा कागद पोरगी न्यायला आलाय.”

वाटेने येताना ग्यूशिकने बरंच काही जुळवून ठेवलं होतं. शिकली की मास्तरीण होईल, म्हातारपणी तुला बघेल, असं. त्यातलं एकही त्याच्या तोंडून निघेना.

“नेईल,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू? गिरणी नेईल तशी शाळाही नेईल. गिरणीतून सणावाराला घरी तरी येईल. ही शिकली तर कुठे जाईल, सांगता येत नाही. पण या खेपेला तुला कोणी तरी विचारायला आलंय.”

“मी आलेय,” पिल्नाम पुढे झाली. दोन्ही हातांनी तिने कागद बापापुढे धरला. “बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी जाईन गिरणीत. रडणार नाही. पण नाही म्हणायचं तर तुम्ही म्हणा. कारभाऱ्यांनी नको.”

मानसूने हातातला मुळा ढिगावर टाकला.

“तुझी आई,” तो म्हणाला, “तू वाचायला बसलीस की चुलीत एक लाकूड जास्त घालायची. उजेड पडावा म्हणून. मी ओरडायचो तिला.” त्याने नाक ओढलं. “शिक्का नाहीये माझ्याजवळ.”

“अंगठा चालतो,” ग्यूशिक म्हणाला आणि डबी उघडली.

मानसूने हात विजारीला पुसला. माती काही निघेना. पिल्नामने घागऱ्याच्या काठाने त्याचा अंगठा पुसला, नखाच्या कडेने, सांध्याच्या चिरेतून, अगदी मन लावून.

“कुठे?”

“इथे.”

“काय लिहिलंय इथे?”

“पालक.”

त्याने अंगठा टेकवला आणि दाबून धरला. इतका वेळ, की ग्यूशिकला म्हणावं लागलं, “बास रे, फाटेल कागद.”

पोरीने तिथेच मातीत गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून बापाला नमस्कार केला. मग ग्यूशिकला. मग उठली आणि धूम पळाली. टेकडीच्या वळणावर एकदा बूट निघाला, तो हातात घेऊन तशीच पळत राहिली.

“उपकार झाले, मानसू,” ग्यूशिक म्हणाला.

“माझे कसले? तुमचे, दादा.”

“नाही रे. तुझ्या बायकोचं कालवण दहा वर्षं माझ्या पोटात आहे. आज कुठे बरं वाटलं. तुझी पोर माझ्याकडे आली, हेच माझ्यावर उपकार. माझ्या लेकीसाठीही तिकडे कोणी तरी असंच उठलं असेल, असं आता मला म्हणता येईल.”

मानसू वाकून पुन्हा मुळे उपटू लागला. शाई चिकट, लवकर वाळणारी नव्हे. प्रत्येक मुळा वर आला की त्याच्या पांढऱ्या अंगावर एक लाल अंगठा उमटत होता, आधी ठसठशीत, मग फिकट.

“चिंधी देऊ का पुसायला?” ग्यूशिकने विचारलं.

मानसूने मान हलवून नको म्हटलं आणि पुढचा मुळा उपटला.