दादा जिच्यावर कधी बसलेच नाहीत

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. लाकडाची चौकट, जाड कापडाची बैठक, कापड गुंडाळलेले हात आणि पाठीवर पांढऱ्या रंगात एका लाडक्या सिनेनटाचं नाव. ते नट दोन महिन्यांपूर्वी वारले. त्यांच्या शोकसभेपासून माझं डोकं जे फिरलं आहे, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. खुर्चीला कसलं डोकं, असं विचारू नका. ज्यांना आहे त्यांनी काय केलं, ते आधी ऐका.

माझा जन्म स्टुडिओच्या सुतारखान्यातला. मोठ्या नटाच्या नावाची खुर्ची मांडायची आणि तिच्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, असा तिथला रिवाज. त्या नटाला सगळे दादा म्हणत. लोकांना हसवून हसवून रडवणारा माणूस! मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. पण दादा काही माझ्यावर बसेनात. बसलं की विजारीला चुण्या पडतात, त्या पुढच्या शॉटमध्ये दिसतात आणि बोलणी खातो बिचारा कपडेवाला. म्हणून ते दिवसभर उभेच राहत.

दादांना टक्कल होतं. त्यांचा केसांचा टोप चिकटवायचं, विंचरायचं काम एका बाईंकडे होतं. त्यांना सगळे टोपवाल्या मावशी म्हणत. मावशींचा उजवा गुडघा पार कामातून गेलेला. पहिल्याच दिवशी दादांनी त्यांना हाक मारली.

"मावशी, बसा इथे."

"अहो, नाव तुमचं आहे तिच्यावर!"

"नाव पाठीवर आहे, बसायचंय पुढे. आणि मी उठा म्हणेपर्यंत उठायचं नाही, काय!"

बावीस वर्षं मावशी माझ्यावर बसल्या. उजवा पाय लांब करून डावीकडे कलायच्या, म्हणून माझी बैठक डावीकडे झोळासारखी लोंबते. टोपाच्या पिना त्या माझ्या डाव्या हाताच्या कापडात खोचून ठेवत. त्या हाताची पार चाळण झाली. टोप घामाने निसटला की दादाच माझ्यापुढे येत आणि कमरेत वाकून डोकं पुढे करत. मावशींना उठावं लागू नये एवढ्याचसाठी.

मग दादा आजारी पडले. निर्मातेसाहेबांनी मला गोदामात फेकलं. गळक्या पत्र्याखाली मी दोन पावसाळे काढले. साहेब दादांना बघायला एकदाही गेले नाहीत, असं हमाल आपसात बोलायचे. पण दादा गेले आणि साहेबांना एकदम प्रेमाचं भरतं आलं. मला घासून पुसून मंचावर ठेवलं, वर फुलं घातली आणि एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत लाल फीत बांधली.

मावशीही सभेला आल्या होत्या. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांच्या, मागच्या पाहुण्यांच्या पाहुण्यांच्या. मावशी दोन तास भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होत्या आणि मी रिकामी! माझा नुसता जळफळाट होत होता.

साहेब बोलायला उठले. "याच खुर्चीत बसून दादा भूमिकेचा विचार करायचे. ही भोकं पाहा! विचारात बुडाले की नकळत टाचणी टोचत राहायचे." लोक हळहळले. कुणीतरी डोळेही पुसले. धादांत खोटं! मला कंठ असता तर तिथेच किंचाळले असते.

मला फुटला नाही, पण मावशींना फुटला.

"अहो, ती माझ्या पिनांची भोकं आहेत!"

मावशी लंगडत मंचावर आल्या, त्यांनी फीत सोडली, फुलं अलगद खाली ठेवली आणि माझ्यावर बसल्या. उजवा पाय लांब, भार डावीकडे.

"बाई, उठा आधी! दादांच्या खुर्चीवर बसताय!" साहेब कडाडले.

"दादांनीच बसवलंय मला. उठा म्हणाले नाहीत ते अजून."

साहेबांनी आशेने दादांच्या पत्नीकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही तरी सांगा."

"काय सांगू? विजार इस्त्रीची असली की ते घरीसुद्धा उभ्यानेच जेवायचे," वहिनी म्हणाल्या. "बसा हो मावशी."

सभा संपेपर्यंत मावशी बसून राहिल्या. जाताना अंबाड्यातली एक पिन काढून त्यांनी माझ्या डाव्या हातात खोचली आणि मला थोपटलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी रागावले नसते. पण पुढच्याच आठवड्यात साहेबांनी मला कार्यालयाच्या दारात काचेच्या कपाटात कोंडलं. मित्रांनो, गेलेल्या माणसावर तुमचं प्रेम असेल, तर त्याच्या वस्तूंना फुलं घालत बसू नका. तो ज्यांना जपत होता त्यांना जपा. मावशी अजून त्याच स्टुडिओत कामाला येतात, दिवसभर उभ्या असतात आणि जाता-येता काचेतून माझ्याकडे बघतात. मी आत रिकामी आहे. पिन अजून माझ्या हातात आहे. आणि काचेवर, दादांच्या नावाखाली, त्यांनी आयुष्यात कधी कुणाला न म्हटलेले दोन शब्द ठळक अक्षरांत लिहिले आहेत : बसू नये.